अश्वगंधा घ्यायची आहे? मग या क्रमाने घ्या

मन शांत राहावं, रात्री डोळा लागावा म्हणून अश्वगंधा, ब्राह्मी, जटामांसी घेणाऱ्यांच्या बहुतेक चुका औषध तोंडात जाण्याआधीच झालेल्या असतात. आधीपासून चालू असलेल्या गोळ्यांचा विचार झालेला नसतो. तीन-चार वनस्पती एकदम सुरू केलेल्या असतात. किती दिवस घ्यायचं, हे कोणी ठरवलेलं नसतं. मग बरं वाटलं तरी कशाने वाटलं ते सांगता येत नाही आणि त्रास झाला तरी बोट कशावर ठेवायचं ते कळत नाही. औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभा असतो, त्यामुळे हे रोज बघतो.

म्हणून इथे अश्वगंधा हेच उदाहरण धरून सगळा क्रम लिहितो. सगळ्यात जास्त खपणारी तीच आहे आणि तिच्याबद्दलची माहितीही इतरांपेक्षा जास्त उपलब्ध आहे. एकावेळी एकच वनस्पती, ठरलेली मुदत आणि लेखी नोंद, या तीन गोष्टी पाळायच्या नसतील तर विकतच घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

१. आधी त्रास कसला आहे ते बघा

"टेन्शन येतं" या दोन शब्दांखाली बरंच काही दडलेलं असतं. छातीत धडधड, हाताला कंप, घाम, झोप उडणं, खाऊनही वजन उतरणं, ही लक्षणं थायरॉईड जास्त चालत असल्याचीही असतात. इथेच मोठा घोटाळा होतो. अश्वगंधेने थायरॉईडची संप्रेरकं वाढू शकतात. म्हणजे थायरॉईड वाढलेला माणूस धडधड कमी व्हावी म्हणून अश्वगंधा घेतो आणि धडधड आणखी वाढवून घेतो.

सुरू करण्याआधी टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी), हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घ्या. शाकाहारी घरांत बी-१२ कमी निघणं नेहमीचं आहे आणि त्यानेही चिडचिड, थकवा, बेचैनी येते. त्याच रक्तात एसजीपीटी आणि बिलिरुबिनही करून घ्या. यकृताचे हे आकडे आधी हातात असले तर पुढे काही झाल्यास तुलना करता येते. जोरात घोरत असाल आणि रात्रभर झोपूनही सकाळी डोकं जड राहत असेल, तर प्रश्न श्वासाचा असू शकतो. त्यावर चूर्ण देऊन उपयोग नाही.

*थांबा:* जगणं नकोसं वाटतंय, अचानक भीतीचे झटके येतायत किंवा कामावर जाणंच बंद पडलंय, तर ही वेळ चूर्णाची नाही. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत.

२. चालू गोळ्यांची यादी करा आणि कोणाला दाखवायची ते ठरवा

कागद घ्या आणि रोजची प्रत्येक गोळी लिहा. कधीमधी घेतली जाणारी झोपेची गोळी, गुडघ्यासाठी कोणी आणून दिलेला काढा, शेजारणीने सुचवलेलं कॅप्सूल हेही त्यात आलं पाहिजे. लोक "औषध काय चालू आहे?" याला "काही नाही" म्हणतात आणि पिशवीतून चार डब्या निघतात, कारण आयुर्वेदिक ते औषधात धरलेलंच नसतं.

पुढच्यांपैकी कोणी असाल तर स्वतःच्या मनाने घेऊ नका:

- गरोदर, गर्भधारणेच्या प्रयत्नात असलेल्या किंवा अंगावर पाजणाऱ्या बायका. गरोदरपणात अश्वगंधा घ्यायची नाही, यात सूट नाही.
- कावीळ, फॅटी लिव्हर, हिपॅटायटिस असा यकृताचा जुना किंवा चालू त्रास असलेले.
- थायरॉईडची गोळी घेणारे. गोळीचा डोस टीएसएच बघून बसवलेला असतो, अश्वगंधेने तो बिघडतो.
- झोपेच्या, फिटच्या किंवा मनोविकाराच्या गोळ्या घेणारे. गुंगीवर गुंगी चढते.
- साखर किंवा रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे. दोन्ही आकडे ठरल्यापेक्षा खाली जाऊ शकतात.
- संधिवात, सोरायसिससारखा स्वयंप्रतिकार आजार असलेले आणि अवयव प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारे.
- प्रोस्टेटच्या कर्करोगाचे रुग्ण, कारण अश्वगंधेने टेस्टोस्टेरॉन वाढू शकतं.
- येत्या दोन-तीन आठवड्यांत शस्त्रक्रिया असलेले.

यादी वैद्यांना दाखवा, आणि ज्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत त्यांनाही दाखवा. दोघांपैकी एकालाच सांगणं ही अर्धी तयारी झाली.

*सगळ्यात धोकादायक चूक:* "आता अश्वगंधा सुरू केली" म्हणून चिंता-झोपेसाठी चालू असलेली अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपामची गोळी एका दिवसात बंद करणं. महिनोन्महिने घेतलेली ही गोळी एकदम तोडली की झोप पूर्ण उडते, थरथर सुटते, काहींना फिट येते. ती कमी करायची असेल तर लिहून देणाऱ्या डॉक्टरांकडूनच, थोडी थोडी करत.

३. एक आठवडा काहीही न घेता वही लिहा

ही पायरी जवळपास सगळे गाळतात. वहीत रोज सकाळी चार गोष्टी लिहा: अंथरुणाला पाठ कधी टेकली, अंदाजे झोप कधी लागली, मध्ये किती वेळा जाग आली आणि कालचा दिवस शून्य ते दहामध्ये किती अस्वस्थ गेला. शेजारी चहा-कॉफीचे कप आणि शेवटच्या कपाची वेळ.

चहाचा रकाना मुद्दाम सांगतोय. कॅफिन अर्ध्यावर यायलाच साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला घेतलेल्या कडक चहातलं निम्मं कॅफिन रात्री अकराला अंगात असतं. या आठवड्यात शेवटचा चहा दुपारी तीनच्या आत आणून बघा. काहींची झोप इथेच सुधारते आणि पुढचं सगळं वाचायची गरज उरत नाही.

*तपासणी:* सात दिवसांच्या नोंदी नसतील तर पुढची पायरी घेऊ नका. "आधीपेक्षा बरं वाटतंय" यातलं "आधी" लिहिलेलंच नसेल तर तुलना कशाशी करणार?

४. एकच वनस्पती निवडा

बाजारात "स्ट्रेस रिलीफ" नावाच्या डबीत आठ-दहा वनस्पती एकत्र मिळतात. पहिल्यांदाच घेणाऱ्याने ती डबी घेऊ नये. पित्त झालं, खाज सुटली, गुंगी आली, तर दोष कोणाचा हे कोणीच सांगू शकणार नाही.

इतर नावांबद्दल थोडक्यात. ब्राह्मी या नावाने दोन वेगळ्या वनस्पती विकल्या जातात. एक नीरब्राह्मी, जिची पानं लहान, जाडसर, लांबट असतात. दुसरी मंडूकपर्णी, जिची पानं गोल, मूत्रपिंडाच्या आकाराची असतात आणि जिला आपल्याकडे सर्रास ब्राह्मी म्हणतात. लेबलवर शास्त्रीय नाव वाचा: पहिली बाकोपा मोनिएरी, दुसरी सेंटेला एशियाटिका. नीरब्राह्मीने काहींना मळमळ आणि जुलाब होतात, म्हणून ती जेवणानंतर घ्यायची. परिणाम दिसायला दोन-तीन महिने जातात.

शंखपुष्पीचं सरबत निरुपद्रवी समजून परीक्षेच्या दिवसांत मुलांना पाजलं जातं. फिटसाठी फेनिटॉइन घेणाऱ्याला ते देऊ नका. शंखपुष्पीच्या औषधाने रक्तातलं फेनिटॉइन कमी होतं आणि आटोक्यात असलेल्या फिट परत येऊ शकतात, हे मुंबईतल्या संशोधकांनी १९९२ सालीच प्रसिद्ध केलं आहे. जटामांसी हिमालयात उंचावर उगवते, बेसुमार खोदाईमुळे ती नामशेष होण्याच्या वाटेवर आहे आणि तिच्या नावाखाली दुसरंच मूळ मिळण्याची शक्यता बरीच. मी ती घरच्या घरी घेण्यासाठी सुचवत नाही. सर्पगंधा तर अजिबात नाही. तिच्यातल्या रेसर्पिनने रक्तदाब उतरतो आणि मन खचू शकतं.

५. विकत घेताना लेबल पूर्ण वाचा

इथे घाई करू नका, कारण डोसाच्या बहुतेक चुकांचं मूळ लेबलात असतं.

*आधी परवाना.* आयुर्वेदिक औषध म्हणून विकलेल्या डबीवर "आयुर्वेदिक औषध" असे शब्द, औषध उत्पादन परवान्याचा क्रमांक, बॅच क्रमांक, उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख असते. आहारपूरक म्हणून विकलेल्या डबीवर एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी क्रमांक असतो. दोन्हींपैकी एकही नसेल तर डबी परत ठेवा, मग ती कोणी का आणलेली असेना.

*मग वनस्पतीचा भाग.* अश्वगंधेचं मूळ वापरायचं असतं. पानं स्वस्त पडतात आणि त्यांतही विथानोलाइड नावाची द्रव्यं असल्याने प्रयोगशाळेतला आकडा फुगवायला ती मिसळली जातात. पानांतलं विथाफेरिन-ए हे द्रव्य मात्र पेशींना घातक ठरू शकतं. आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये उत्पादकांना पानं वापरू नका असं कळवलं होतं. लेबलवर "रूट" किंवा "मूळ" हा शब्द शोधा. नुसतं "अश्वगंधा एक्स्ट्रॅक्ट" लिहिलं असेल तर मी ती डबी घेत नाही आणि देतही नाही.

*मग चूर्ण की अर्क.* "रूट पावडर" म्हणजे दळलेलं मूळ. "रूट एक्स्ट्रॅक्ट" म्हणजे त्यातला सार काढून घट्ट केलेला अर्क. दोन्ही ५०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये मिळतात, डब्या सारख्याच दिसतात, ताकदीत मात्र फार फरक असतो. आयुर्वेदाच्या भारतीय औषधकोशात चूर्णाची दिवसाची मात्रा ३ ते ६ ग्रॅम दिली आहे. ५०० मिलिग्रॅम चूर्णाचं एक कॅप्सूल घेणारा त्यातल्या किमान मात्रेच्याही सहाव्या भागावर असतो आणि "काही फरक नाही" म्हणून वनस्पतीला नावं ठेवतो. अर्काची मात्रा मिलिग्रॅममध्येच असते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, तणावग्रस्त ६४ जणांवरच्या भारतीय चाचणीत ३०० मिलिग्रॅम अर्क दिवसातून दोनदा, ६० दिवस दिला होता. आता चूर्णाची सवय असलेल्याने अर्काची पावडर आणली आणि चमचाभर दुधात घातली, तर काय होईल याचा विचार करा. अशी चूक होते, म्हणून इतकं लांबण लावतोय.

अर्क घ्यायचा असेल तर एका कॅप्सूलमध्ये किती मिलिग्रॅम अर्क आणि त्यात विथानोलाइड किती टक्के, हे दोन आकडे लेबलवर हवेत. ५ टक्क्यांचा ३०० मिलिग्रॅम अर्क म्हणजे १५ मिलिग्रॅम विथानोलाइड. टक्केवारी वेगळी असलेली डबी पुढच्या वेळी आणलीत तर हिशोब नव्याने करा.

अश्वगंधारिष्ट हा तिसरा प्रकार. आसव-अरिष्टात आंबवण्यातून मद्यार्क तयार होतो आणि गोडवाही असतो. मधुमेह असेल, गुंगीच्या गोळ्या चालू असतील किंवा दारू सोडलेली असेल, तर अरिष्ट नको. अश्वगंधा पाक, लेह यांतही साखर भरपूर असते.

*परदेशातल्या वाचकांसाठी:* २००४ मध्ये बोस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. जड धातूंच्या तपासणीचा अहवाल देणाराच उत्पादक निवडा. डेन्मार्कने २०२३ मध्ये अश्वगंधेवर बंदी घातली आहे, तेव्हा तिकडे जाणाऱ्या मुलाच्या बॅगेत डबी कोंबू नका.

६. घरी आणल्यावर चूर्ण पारखा

पांढऱ्या बशीत चमचाभर चूर्ण पसरा आणि उजेडात बघा. मुळाचं चूर्ण मळकट पांढरं, बदामीकडे झुकणारं असतं. हिरवट झाक दिसली तर पानं मिसळल्याची शंका घ्या. वासाला ते उग्र असतं, जनावराच्या अंगाला येतो तसा दर्प येतो. चवीला कडवट-तुरट. गोड किंवा सुगंधी लागलं तर त्यात दुसरं काही आहे. कुबट वास, गाठी, जाळी किंवा पोरकिडे दिसले तर फेकून द्या. ऊन दाखवून वापरायचं नाही.

मंडईजवळच्या काष्ठौषधींच्या दुकानातून अख्खं मूळ आणत असाल तर एक काडी मोडून बघा. चांगलं सुकलेलं मूळ कट्कन मोडतं, वरून भुरकट आणि आतून पांढरं पिठूळ असतं. वाकून लवचिक राहिलं तर ओल आहे, डब्यात बुरशी धरेल. नीमच, मंदसौरकडून येणारा माल जाडीप्रमाणे प्रतवारी करून विकला जातो. धाग्यासारखी बारीक मुळं स्वस्त असतात, पण त्यांत काड्या-माती फार. मूळ घरी दळलं तर महिनाभर पुरेल इतकंच दळा आणि काचेच्या कोरड्या बरणीत, अंधाऱ्या जागी ठेवा.

७. कमी मात्रेने सुरुवात करा

चूर्णासाठी: पहिला आठवडा रात्री एकदाच दीड ग्रॅम, दुसऱ्या आठवड्यापासून ३ ग्रॅम, आणि तिथेच थांबा. त्यापुढे जायचं तर वैद्यांच्या सांगण्यावरून. अर्कासाठी: पहिला आठवडा रात्री एकदा ३०० मिलिग्रॅम. दुसरी वेळ जोडायची की नाही ते त्यानंतर वैद्यांना किंवा डॉक्टरांना विचारून ठरवा.

दीड ग्रॅम डोळ्यांनी मोजता येत नाही. चमचा शिगेला भरला की सपाट चमच्याच्या दुप्पट चूर्ण येतं. स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा वापरून एकदा मोजा आणि आपल्या चमच्यात ते कुठवर येतं ते लक्षात ठेवा.

घेण्याची पद्धत. चूर्ण थेट गरम दुधात टाकलं की वर गाठी तरंगतात आणि निम्मं चूर्ण पेल्याला चिकटून राहतं. एक तर आधी चमचाभर कोमट दुधात किंवा तुपात कालवून लापशी करा आणि मग उरलेलं दूध घाला. नाहीतर क्षीरपाक करा. त्याचं शास्त्रोक्त प्रमाण असं: औषध एक भाग, दूध आठ भाग, पाणी बत्तीस भाग, आणि पाणी आटून दूध उरेपर्यंत मंद आचेवर उकळायचं. ३ ग्रॅमला सुमारे २५ मिलिलिटर दूध आणि १०० मिलिलिटर पाणी लागतं. पातेलं लहान घ्या, ढवळत राहा, कारण चूर्ण तळाला बसून करपतं. करपलेला वास आला तर टाकून द्या. दूध पचत नसेल तर कोमट पाण्याबरोबर चालेल.

जेवणानंतर अर्ध्या-पाऊण तासाने घ्या. रिकाम्या पोटी काहींना मळमळतं, काहींना जुलाब होतात. पहिले तीन-चार दिवस सकाळी गुंगी राहते का ते बघा आणि खात्री होईपर्यंत पहाटे गाडी चालवू नका. या काळात दारू पूर्ण बंद.

*तपासणी:* पहिल्याच रात्री गाढ झोप लागली आणि सकाळी जीभ जड झाली, तर खूश होऊ नका. अश्वगंधा अशी वागत नाही, तिला आठवडे लागतात. विनापरवाना पुडीत झोपेची गोळी कुटून घातल्याची शंका घ्या आणि पुडी बंद करून डॉक्टरांना दाखवा.

८. पुढचे सहा-आठ आठवडे काय बघायचं

वही तशीच चालू ठेवा. मात्रा, वेळ, चहा आणि जेवण बदलू नका. मध्येच योगासनांचा वर्ग, मॅग्नेशियमची गोळी असं नवं काही सुरू केलंत तर वहीतल्या पहिल्या, औषधाविनाच्या आठवड्याशी केलेली तुलना वाया गेली. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नका.

आता यकृताबद्दल नीट सांगतो. अश्वगंधेने यकृताला इजा झाल्याची प्रकरणं भारतातून, आइसलँडमधून आणि इतर ठिकाणांहून नोंदली गेली आहेत. ती विरळ आहेत, पण खरी आहेत. त्रास बहुधा सुरू केल्यापासून २ ते १२ आठवड्यांत दिसतो, म्हणजे नेमकं याच काळात. पुरळ नसताना अंगभर खाज, गडद चहासारखी लघवी, फिकट शौच, भूक मरणं, डोळ्यांच्या पांढऱ्यात पिवळेपणा, यातलं एकही दिसलं तर त्याच दिवशी बंद करा आणि एसजीपीटी, बिलिरुबिन पुन्हा तपासा. बहुतेक रुग्ण औषध थांबवल्यावर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बरे झाले आहेत. ज्यांचं यकृत आधीच खराब होतं त्यांच्यापैकी काहींच्या मात्र जिवावर बेतलं आहे. "शरीर शुद्ध होतंय, म्हणून खाज येतेय" असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

धडधड वाढणं, हात कापणं, उकाडा सहन न होणं यांसाठी टीएसएच पुन्हा करा. बटाटा, टोमॅटो, वांगी, मिरची ज्या कुळातली त्याच कुळातली अश्वगंधा आहे. त्यांची ॲलर्जी असेल तर अंगावर पित्त उठतं. मन शांत होण्याऐवजी सुन्न झालंय, आनंदही वाटत नाही, असं घरच्यांना जाणवलं तर तीही थांबण्याची खूण समजा.

९. ठरलेल्या दिवशी निर्णय घ्या

आठव्या आठवड्याच्या शेवटी वहीतला पहिला आठवडा आणि शेवटचा आठवडा शेजारी ठेवा. झोप लागायला लागणारा वेळ किंवा अस्वस्थतेचा आकडा स्पष्ट उतरलेला नसेल तर बंद करा. मात्रा वाढवून बघण्याचा मोह टाळा, आणि दुसरी वनस्पती लगेच सुरू करू नका. दोन आठवडे काही न घेता जाऊ द्या, मग पुन्हा पहिल्या पायरीकडे. यावेळी सरळ डॉक्टरांकडे गेलात तर जास्त बरं.

फरक दिसला असेल तर तीन महिन्यांपर्यंत चालू ठेवता येईल. बहुतेक चाचण्या तेवढ्याच मुदतीच्या आहेत, म्हणून त्यापुढे स्वतःच्या मनाने जाऊ नका. बंद केल्यावर चार आठवडे वही लिहा. त्रास परतला नाही तर पुन्हा सुरू करायचं कारण नाही. परतला तर मुळाशी काय आहे ते तज्ज्ञांकडून शोधून घ्या, वर्षानुवर्षं चूर्णावर झाकत बसू नका.

शस्त्रक्रियेची तारीख ठरली तर किमान दोन आठवडे आधी बंद करा आणि भूलतज्ज्ञांना न विचारताही सांगा.

डबी संपली तरी लेबल फाडून वहीत चिकटवून ठेवा. काही त्रास झाला असेल तर उत्पादकाचं नाव आणि बॅच क्रमांकासह डॉक्टरांमार्फत कळवा, किंवा औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदीसाठी असलेल्या १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर स्वतः फोन करा. बॅच क्रमांक नसेल तर तक्रारीचा माग काढणं अवघड जातं.